आमचे चिटणीस

दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही पाचजण राक्षस मारायला एकाच्या घरी जमतो. सहावा नोंद ठेवायला येतो. तसा तोही खेळतोच. कागदोपत्री तो धर्मोपदेशक आहे, मंत्र म्हणून जखमा बऱ्या करतो. पण मंत्राआधी ‘नेमकं कुठल्या हाताला लागलं?’ हे विचारून लिहून घेतो. तोवर जखमी दगावतो. तेही तो लिहितो, वेळेसकट.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडगोळीने १९७४ साली तो बाजारात आणला. एकजण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग रचतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्यात शिरतात, आणि डाव साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नसला, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. सगळा कारभार तोंडी. आणि तोंडी कारभाराचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. आमच्या बार्बेरियनने मारलेला एक लांडगा गणपतीपर्यंत तीन झाला होता आणि दिवाळीला त्याला पंख फुटले.

म्हणून चिटणीस. नाव आम्हीच ठेवलं. दोनशे पानी लांब वही, खाकी कव्हर, हाताने आखलेला समास. घटना निळ्या शाईत, येणी-देणी लाल शाईत. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची; ती तो कुणी मेलं तरच काढतो. पान ४१ वर चहाच्या कपाचा गोल डाग आहे, त्याशेजारी बारीक अक्षरात ‘डाग: चोर’ अशी नोंद आहे.

एरवी हा गृहस्थ आपल्या सोसायटीचा सचिव आहे. त्यामुळे हात वळतो तो तसाच वळतो. मासला पाहा: ‘सभा क्र. १४. स्थळ: दलदल. गैरहजर: चेटकीण (सासूबाई आल्या आहेत). मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. आयत्या वेळचे विषय: ड्रॅगन.’ स्वतःचा उल्लेख मात्र आदरार्थी. आम्ही ‘पळालो’ असतो, ‘उपदेशकांनी प्रसंगावधान राखून माघार घेतली’ असते.

हसायचो आम्ही. दत्तूचं प्रकरण होईपर्यंत.

दत्तू हा गोब्लिन. सुरुवातीच्या एका रविवारी आम्ही त्याला पकडला आणि उगाच नाव विचारलं. डीएमची काही तयारी नव्हती, तो ‘दत्तू’ म्हणून मोकळा झाला. आम्ही त्याला सोडला आणि विसरलो. सात महिन्यांनी एका पुलावर, अर्धा कान तुटलेला एक मारेकरी आडवा आला. बार्बेरियनने कुऱ्हाड उचलली, फासा हातात घेऊन खुळखुळवला.

‘थांब,’ चिटणीस म्हणाला. पानं उलटली, बोट ओळीवरून फिरलं. ‘पान २३. दत्तू. डावा कान अर्धा. आई डोंगरापलीकडे असते, तिला दिसत नाही. आम्ही सोडला तेव्हा ‘उपकार फेडीन’ म्हणाला होता.’

डीएमचा चेहरा बघण्यासारखा झाला. अर्धा कान त्याने पुन्हा सहज, हाताला येईल तसा ठोकून दिला होता. दत्तू त्याच्या गावीही नव्हता. क्षणभर गप्प बसून तो म्हणाला, ‘दत्तूच आहे तो. रडतोय.’ बार्बेरियनने फासा खाली ठेवला. पुढचे चार रविवार आम्ही खजिना सोडून एका आंधळ्या गोब्लिन म्हातारीला शोधत हिंडलो. आजवरचा आमचा सगळ्यात चांगला खेळ तोच. तो डीएमने रचला नव्हता, आम्हीही नाही. पान २३ ने रचला.

त्या दिवसापासून चिटणिसाची ऐट वाढली. गायगॅक्सच्या १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडचा तो शास्त्रासारखा दाखला देतो: काळाची काटेकोर नोंद नसेल तर मोहिमेला अर्थ नाही, हे त्यात ठळक मोठ्या अक्षरांत छापलंय. मग जपानवर येतो. तिथल्या एका टोळक्याच्या खेळाचा वृत्तांत १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात छापून येऊ लागला, त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही कादंबरीमाला झाली, पुढे ॲनिमेसुद्धा. ‘आणि तुम्ही माझ्या वहीवर भजी ठेवता!’

एकदा चोराने त्याची पाठ वळताच वहीतल्या आपल्या १० मोहरांच्या ९० केल्या. एकाचा नऊ करायला लागतं किती, एक फराटा. चिटणिसाने पान उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाला, ‘या वहीत ध चा मा चालणार नाही.’ चोराला १० मोहरा दंड झाला. लाल शाईत.

गेल्या महिन्यात चिटणिसाच्या भाचीचं लग्न निघालं आणि नेमका त्याच रविवारी आमचा राजवाड्यावरचा हल्ला झाला. वही कुणी उघडली नाही. परतल्यावर त्याने प्रत्येकाला वेगळं गाठलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत म्हाइंभट गावोगाव हिंडले, तसा हा कोथरूडहून हडपसरला जाऊन आला. राजाला कुणी मारलं, याच्या पाच हकीकती मिळाल्या. एकीत तर राजा जिवंत आहे, आणि ती खुद्द डीएमची. एकही न खोडता त्याने पाचही लिहिल्या, प्रत्येकाची खाली सही घेतली.

त्यातली माझी खरी आहे.