आधी बूच, मग बोट

मार्च लागला की डॅलसच्या आसपासच्या आपल्या मंडळींना बोटीचे डोहाळे लागतात. घर झालं, ग्रीन कार्ड झालं, पोरगा गाडी चालवायला लागला, आता काय उरलं? फ्रिस्कोतला शेजारी शनिवारी पहाटे लालभडक चकचकीत बोट ट्रकमागे जोडून लेक फोर्ककडे निघतो आणि आपण हिरवळ कापता कापता बघत राहतो. मग फोन येतो.

"अहो, बास फिशिंगसाठी कुठली बोट घ्यावी?"

"आजवर बास धरलाय का एखादा?"

"नाही ना. म्हणूनच तर बोट घेतोय."

या 'म्हणूनच तर'वर अमेरिकेतला एक अख्खा उद्योग उभा आहे.

मोठ्या तोंडाच्या बास माशाचा जागतिक विक्रम कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. जॉर्ज पेरी, जॉर्जिया राज्य, २ जून १९३२. मासा २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या पुढचा. महामंदीचे दिवस. घरीच ठोकलेली बोट, आणि पेरी व त्यांचा दोस्त या दोघांत मिळून एकच रॉड होता म्हणतात. मासे दाखवणारा पडदा नाही, मोटर नाही, चौदा खिशांचं जाकीट नाही. पेरींनी माशाचं वजन करून घेतलं, मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. पुढे ७७ वर्षं तो आकडा कोणी गाठला नाही. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ एक औंस जास्त वजनाचा मासा धरला. पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात असा नियम, त्यामुळे दोघांत बरोबरी. त्या ७७ वर्षांत बोटी कुठून कुठे गेल्या, ते शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर दिसतंच.

बोटींचं हे खूळ आलं कुठून? १९४८ साली लुइझियानात होम्स थर्मंड यांनी खास बास धरायला प्लायवूडची निमुळती बोट बनवली, तिचं नाव स्कीटर. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बासवाल्यांची संघटना काढली. हे स्कॉट मूळचे विमा एजंट. एवढं ध्यानात ठेवलं की या छंदातला पुढचा सगळा खर्च आपोआप कळत जातो. या संघटनेच्या १९७१च्या पहिल्या 'क्लासिक' स्पर्धेत जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर मिळाले. पैसा आला की अक्कलही येते: २०२२ साली लेक एरीवर दोघा बहाद्दरांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरून वजन वाढवलं. ते मासे बास नव्हते, वॉलाय होते, पण जप्त झालेली बोट बासचीच होती.

सगळ्यात हुशार निघाले मिसूरीचे जॉनी मॉरिस. वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूला गळ-आमिषं विकत त्यांनी सुरुवात केली. १९७८ साली त्यांनी बोट, मोटर आणि ट्रेलर एकत्र बांधून एकाच किमतीला विकायला काढलं. तोवर गिऱ्हाईक तिन्ही वस्तू वेगवेगळ्या घ्यायचं आणि तीनदा विचार करायचं. आता एकदाच करतं, तोही हप्त्याचा.

तर सल्ला. या छंदात जे स्वस्त आहे त्यावर दिवस ठरतो आणि जे महाग आहे ते फोटोत छान दिसतं. दुकान बरोबर उलट्या क्रमाने मांडलेलं असतं. म्हणून दुकानात शिरल्यावर थेट मागच्या भिंतीकडे चालू लागा.

परवाना आधी. टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्यासाठी वर्षाला ३० डॉलर. सतरा वर्षांखालच्या पोरांना लागत नाही. भारतातून आलेल्या बाबांच्या हातात 'जरा धरा हो' म्हणून रॉड दिलात, तर त्यांना मात्र टेक्सासचे रहिवासी नसलेल्यांचा परवाना लागतो. तपासणीला आलेल्या वॉर्डनला तुमची पितृभक्ती कळणार नाही.

रॉड एक. सात फुटी, मीडियम-हेवी, शेंडा चपळ. रीळ सुरुवातीला स्पिनिंगचं घ्या. बेटकास्टर रुबाबदार दिसतं, पण आमिषाच्या वेगापेक्षा त्याची फिरकी जोरात फिरली की दोरीचा असा काही गुंता होतो की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. बेटकास्टरच हवं असा हट्ट असेल तर एवढं करा: आमिष टोकाला लटकवून बटण दाबा. आमिष सावकाश खाली उतरावं आणि जमिनीला टेकताक्षणी फिरकी थांबावी, इतका ताण बाजूच्या नॉबने घट्ट करा. आणि फेकताना अंगठा दोरीवर. हे शिकवायला यूट्यूबवाले वीस मिनिटं घेतात, त्यातली बारा कोणत्या कंपनीची टोपी घालावी यावर जातात.

दोरी तीन जातींची. नायलॉनची मोनो जवळजवळ तरंगते आणि ताणली जाते. फ्लुरोकार्बन बुडते आणि पाण्यात कमी दिसते. विणलेली ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, शेवाळ कापत येते. नवशिक्याने स्पिनिंगच्या रिळावर आठ-दहा पौंडी फ्लुरोकार्बन घ्यावी आणि गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. हे किळसवाणं वाटेल, पण कोरडी गाठ ओढताना घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. मोठा मासा जातो तो बहुधा गाठीतून, आणि गाठीला दाम पडत नाही.

गळाची परीक्षा अंगठ्याच्या नखावर. टोक नखावर हलकंच टेकवून ओढा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर फेका. डझनभर गळ एका कॉफीच्या भावात येतात आणि माणसं बोथट गळ वर्षानुवर्षं जपून ठेवतात. वर रॉड मात्र दर दिवाळीला नवा.

आमिष म्हणजे प्लॅस्टिकचा गांडूळ. ओहायोत ॲक्रनच्या निक क्रीम या नवराबायकोने मिळून १९४९ साली स्वयंपाकघरात शिजवून शिजवून तो बनवला, आणि अजून त्याच्याइतकं भरवशाचं काही निघालेलं नाही. गोळीच्या आकाराचं छोटं वजन दोरीत ओवायचं, गळाला गांडूळ लावायचा आणि गळाचं टोक परत गांडुळाच्या अंगातच लपवायचं. याला टेक्सास रिग म्हणतात. टोक लपलेलं असल्यामुळे बुंध्यात, शेवाळात अडकत नाही. रंगांची नावं ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन रेड, जून बग अशी शंभर. पाणी स्वच्छ असेल तर हिरवट, गढूळ असेल तर काळानिळा. बाकीचे अठ्ठ्याण्णव रंग माशासाठी नसतात.

एवढ्यावर तुमचा परवान्यासकट दोनशे डॉलरच्या आत हिशोब झाला. आता वसाहतीतल्या तळ्यावर परवानगी आहे का बघा आणि काठावर उभे राहा. वसंतात पाणी साठ फॅरनहाइटच्या पुढे तापायला लागलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. नर घरटं राखत बसतो. त्या दिवसांत लाख डॉलरच्या बोटीतला माणूस काय करतो? बोट काठाशी आणतो.

घरी आलेल्या आईचा प्रश्न मात्र येणारच: "सोडायचाच होता तर धरला कशाला?" रे स्कॉट यांनी १९७२ साली मासे जिवंत सोडण्याची मोहीम काढली आणि आता तो इथला धर्म आहे. धर्म, कायदा नव्हे. टेक्सासात सर्वसाधारणपणे चौदा इंचांच्या वरचे पाच बास दिवसाला घरी नेता येतात. लेक फोर्कवर मात्र सोळा ते चोवीस इंचांमधला मासा सोडावाच लागतो. म्हणजे आईंच्या तव्यासाठी सोय आहे, फक्त मोजपट्टी जवळ ठेवा आणि त्या तलावाचा नियम आदल्या रात्री वाचा. तेरा पौंडांच्या वरची मासोळी गळाला लागली तर सरकारला कळवा. हंगामात राज्याच्या वन्यजीव खात्याची माणसं गाडी घेऊन येतात, तिला टेक्सासातल्याच अथेन्स गावच्या केंद्रात नेतात, अंडी घालून घेतात आणि मग परत सोडतात. असं सरकारी माहेरपण टेक्सासात १९८६ पासून चालू आहे. माणसांच्या बाळंतपणाच्या रजेबद्दल याच राज्यात काय बोललं जातं, तो विषय या सदराचा नाही.

आता बोट. तुम्ही ऐकणार नाहीच.

एकवीस फुटी फायबरग्लास बोट, मागे अडीचशे हॉर्सपॉवरची मोटर, खाली ट्रेलर, पोटात पेट्रोल आणि बॅटऱ्या: मिळून चार हजार पौंडांच्या पुढे. तुमच्या मिनिव्हॅनची ओढायची मर्यादा साडेतीन हजार. म्हणजे बोटीच्या पोटात एक ट्रक दडलेला आहे, तो जाहिरातीत दिसत नाही. ट्रक आला की पार्किंग. आपल्या बहुतेक वसाहतींच्या समित्या ड्राइव्हवेवर बोट उभी करू देत नाहीत, दुसऱ्याच आठवड्यात पत्र येतं. मग भाड्याची जागा, मग विमा. मोटर पूर्ण सोडली की तासाला वीस गॅलनहून जास्त पेट्रोल पिते. आणि सोडणार कुठे? लेक फोर्क हा सत्तावीस हजार एकरांचा तलाव पाणी अडवून झाला, आणि आतली झाडं तशीच उभी राहिली. आखलेल्या वाटेबाहेर ताशी सत्तर मैलांनी गेलात तर पंख्याची आणि बुंध्याची ओळख होईल. त्या बुंध्यांपाशीच मासे असतात हा भाग वेगळा. तिथे पुढची छोटी विजेची मोटर लावून मुंगीच्या पावलांनीच जायचं असतं.

शिवाय पाण्याखालचं दाखवणारा पडदा. १९५०च्या दशकाच्या शेवटी लोरन्स कंपनीचा हिरवा डबा आला तेव्हा बोटीखाली काय आहे एवढं कळायचं. २०१८ साली लाइव्हस्कोप आला, त्यात समोर पोहणारा मासा चालत्या चित्रासारखा दिसतो. हजारो डॉलरचा मामला. आठवडाभर स्क्रीनकडे बघणारा माणूस शनिवारी तलावावर जाऊन स्क्रीनकडे बघतो, आणि सोमवारी सांगतो की डोकं कसं मोकळं झालं.

माझं मत विचाराल तर चौदा ते सोळा फुटी सपाट बुडाची ॲल्युमिनियमची जॉन बोट, मागे पंचवीस हॉर्सपॉवर. मिनिव्हॅन ओढते, दोघं आणि एक डबा मावतो. डॅलसच्या व्हाइट रॉक लेकवर तर साडेदहा हॉर्सपॉवरच्या वरची मोटर चालतच नाही, तिथे कयाक न्या.

बोट कुठलीही घ्या, अब्रू जाते ती रॅम्पवर. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर उजवीकडे हवा असेल तर हात उजवीकडे न्या, डावीकडे हवा असेल तर डावीकडे. रिकाम्या चर्चच्या पार्किंगमध्ये सराव करा, बायकोला मागे उभं करून ओरडत करू नका. सामान, पट्टे, दोऱ्या सगळं रॅम्पच्या आधी वर पार्किंगमध्ये उरका. आणि बूच. बोटीच्या मागे तळाशी एक भोक असतं, साचलेलं पाणी काढायला. त्याचं बूच पाच-दहा डॉलरचं. ते लावायला विसरलेला माणूस दर रविवारी कुठल्या ना कुठल्या रॅम्पवर सापडतो, आणि तो नेहमी लाख डॉलरच्या बोटीतच असतो. टेक्सासात तलावावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढूनच जायचं असा कायदा आहे. कारण झेब्रा शिंपले: २००९ साली टेक्सोमा तलावात सापडले आणि बोटींच्या पोटातल्या पाण्यातून पसरत गेले. म्हणून बूच काढून ठेवायचं, आणि म्हणूनच परत लावायचं राहतं. गाडीच्या किल्लीलाच बांधा.

ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग ग्रीसने भरलेले ठेवा. हायवेवरून तापलेलं हब थंड पाण्यात बुडालं की ते आत पाणी ओढतं, ग्रीस जातं, आणि मग एक दिवस मेस्क्विटजवळ चाक तुम्हाला ओव्हरटेक करून पुढे निघून जातं. पेट्रोल पंपावर थांबाल तेव्हा हबवर तळहात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा. आणि त्याच पंपावर '८८' लिहिलेलं पेट्रोल चार पैसे स्वस्त दिसेल. आपला हात तिकडे जाणारच. त्यात पंधरा टक्के इथेनॉल असतं आणि ते बोटीत भरायला मनाई आहे.

इंजिन बंद करणारी दोरी जाकिटाला अडकवा. एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या बोटींना केंद्राचा तसा कायदा आहे. माणूस पाण्यात पडला की मोटर थांबते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्यावरच येते. लाइफ जॅकेट बाकाखाली नाही, अंगावर. बोटीच्या अपघातांत मरणाऱ्यांपैकी चारांतले तीन बुडून मरतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात जॅकेट नसतं. 'मला पोहता येतं, मी विहिरीत शिकलोय' हे वाक्य कोस्ट गार्डच्या आकडेवारीत मोजत नाहीत.

शेवटचं, जुनी बोट घेण्याबद्दल. जरूर घ्या. नव्या बोटीची किंमत पहिल्या दोन हंगामांत दुसऱ्या कोणीतरी उतरवून ठेवलेली असते. मोटरचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घ्या, सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. मागच्या फळीवर, मोटर जिथे लटकते तिथे, मोटर हाताने वरखाली हलवून बघा. फळी लवली तर आत लाकूड कुजलंय. खालच्या गिअरचं तेल थोडं काढायला लावा. दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय. आणि टेक्सासात बोटीचं टायटल वेगळं, मोटरचं वेगळं, ट्रेलरचे कागद तिसरे. विकणारा कितीही गोड बोलला, मराठी मंडळातला निघाला, तुमच्याच गावचा निघाला, तरी मोटरवरचा नंबर खाली वाकून स्वतः वाचा आणि कागदाशी ताडून बघा. जुळत नसेल तर त्याने दिलेला चहा प्या आणि घरी या.