तंटामुक्तीचे तात्या

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा प्रारंभ १५ ऑगस्ट २००७ रोजी झाला, तेव्हा तिचे प्रवर्तक गृहमंत्री आर. आर. पाटील यांची अपेक्षा गावचे तंटे गावातच मिटावेत एवढीच असावी. परंतु प्रत्येक समितीला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्षाला तंटे लागतात, या सृष्टिनियमाचा विचार त्या वेळी झालेला दिसत नाही. पेण तालुक्यात महामार्गालगत वसलेल्या गडबसारख्या गावी आढळणारे हे अध्यक्ष, ज्यांना आपण सोयीसाठी तात्या म्हणू, समितीची मुदत संपली, फलकाचा रंग उडाला, तरी पदावरून उतरलेले नाहीत. कारण त्यांना उतरवावयाचे म्हटले तर तो एक तंटाच होईल, आणि तो मिटवावयास पुन्हा तात्यांकडेच जावे लागेल.

पूर्वी त्यांच्या वाट्याला बांधाचे, पायवाटेचे आणि खाजणातल्या पाण्याचे तंटे येत. पुढे डोलवीचा पोलादाचा कारखाना वाढत गेला, दूरदूरच्या प्रांतांतून कामगार आले, आणि ज्याच्या परसात चार खांब मावतील त्याने तेथे खोल्यांची चाळ उठवली. तेव्हापासून मालक आणि भाडेकरू हे दोन पक्षकार तात्यांच्या ओटीवर नित्य हजर असतात. मालकाची फिर्याद अशी की खोली दोघांना दिली आणि पाळीपाळीने सात जण निजतात. भाडेकरूची अशी की मीटर एक, बिल एक, आणि मालकाच्या फ्रिजचे युनिट मात्र त्याच्या नावावर. अनामत रकमेविषयी तर दोघांचीही स्मरणशक्ती असाधारण असते, केवळ आकडे भिन्न असतात.

या प्रकरणांत तात्यांचा जो अधिकार चालतो तो समितीचा नव्हे, वंशाचा. त्यांचे वडील खोताचे कूळ होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला, आणि शेते ओसाड ठेवून, उपासमार सोसून, तो संप १९३९ पर्यंत चालवला. त्या संपाच्या हकिकती ऐकतच तात्या वाढले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि आकारणीच्या पटीत ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने फेडून वडिलांनी मिळवलेले ३२-म चे प्रमाणपत्र आज ओटीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेत लावलेले आहे. त्या काचेखाली बसून एखादा मालक, ज्याचा आजा खोताच्या कबुलायतीवर अंगठा उठवीत असे, ‘हल्ली भाडेकरू फार माजलेत’ असे उद्गारतो, तेव्हा त्याला हुबेहूब खोताचा स्वर लागतो. आणि तात्या, ज्यांच्या स्वतःच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, प्रमाणपत्राकडे न पाहता पान लावू लागतात.

नमुन्यादाखल बंद खोलीचे प्रकरण घ्या. छठपूजेसाठी बिहारला गेलेला कामगार महिन्याने परतला. मी राहिलोच नाही तर भाडे कसले, हा त्याचा मुद्दा. कुलूप तर तुझेच होते ना, हा मालकाचा. ‘हमको भाडा मंगता, बाकी कुछ नय पायजे,’ असे मालकाने आपल्या हिंदीत निक्षून सांगितले. तात्यांनी वहीत तारीख घातली, दोघांचे म्हणणे ऐकले, पुन्हा ऐकले, आणि सुनावणी पुढल्या गुरुवारवर टाकली. त्या गुरुवारी कामगाराची पाळी होती, त्याच्या पुढल्याला मालकाकडे साखरपुडा होता, आणि तिसऱ्याला वही सापडेना. पळस्पे-इंदापूर महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली ज्याच्या दारावरून सुरू झाले, त्या माणसाच्या मनात कामाच्या गतीविषयी अवाजवी कल्पना उरत नाहीत. दिरंगाई हेच तात्यांचे न्यायशास्त्र आहे: पक्षकार आधी दमतात, मग लाजतात, आणि चौथ्या बैठकीला एकमेकांच्या मुलांची विचारपूस करू लागतात.

कायदा ते केवळ दरडावण्यापुरता बाहेर काढतात. मालकाला सांगतात की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी आणि नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या; मालक गार होतो. मग भाडेकरूला एकीकडे घेऊन सांगतात की तो अधिनियम परिशिष्टांत नमूद केलेल्या प्रदेशांनाच लागू आहे, आणि ते परिशिष्ट कपाटात आहे. भाडेकरूही गार होतो. कपाटाची किल्ली कोठे असते, हे आजवर कोणी विचारलेले नाही.

निवाडा मात्र हरएक प्रकरणात एकच असतो: अर्धे. बंद खोलीचे अर्धे भाडे, फुटलेल्या बेसिनचे अर्धे पैसे, वादग्रस्त युनिटांपैकी अर्धे. अर्धलीच्या कुळाकडून खोतही अर्धेच पीक नेत असे, आणि तुमच्या वडिलांची पिढी झगडली ती त्याविरुद्धच, असे मी एकदा त्यांच्या कानावर घालून पाहिले. ‘अहो, खोत अर्धे घेत असे, मी अर्धे सोडायला लावतो, फरक नाही का?’ तात्या म्हणाले. फरक आहे, आणि मालक वगळता सर्वांना तो पटतो.

तेव्हा गडब-वडखळ भागात खोली घेऊ इच्छिणाराने करार लेखी करून नोंदवावा, मीटर डोळ्यांनी पाहावा आणि अनामतीची पावती मागून घ्यावी. एवढे करूनही तंटा उद्भवलाच, तर ज्याला न्याय हवा त्याने पेणच्या दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी. ज्याचे अर्ध्यात भागते त्याने संध्याकाळी सहानंतर तात्यांच्या ओटीवर यावे. महिन्याची पहिली तारीख तेवढी टाळावी. त्या दिवशी तात्या आपल्या चार खोल्यांचे भाडे वसूल करीत असतात, आणि ते पुरे.