आचार्यांचे बारा हजार

संगणकाची नवी आवृत्ती म्हणजे काय, हे रायपूरच्या शंकर नगरात कुणाला सांगायला नको. रात्री मशीन धडधाकट असतं. सकाळी पडद्यावर टक्के सरकत असतात आणि खाली तंबी, 'बंद करू नका'. आम्ही कशाला करू? लाइट जायची असली की जातेच.

या खेपेला पडद्यावरच्या डोंगराच्या जागी तलाव आला. कोपऱ्यात न विचारता सल्ला देणारा एक मदतनीस आला. ते घरात आधीच पुरेसे होते. आणि आमचा ऱ गेला. कुऱ्हाडीतला, बिऱ्हाडातला, तो आडवा, बाकदार र. आता तिथे सरसकट रफार.

भाचीच्या लग्नाच्या खर्चाची यादी मी जुन्या आवृत्तीत टाइप केली होती, छापली नव्यात. 'आचाऱ्यांचे बारा हजार' लिहिलं होतं, कागदावर 'आचार्यांचे बारा हजार' उमटलं. यादी आधी गुरुजींच्या हाती पडली. रकमेबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. यजमानांना शास्त्राची चाड आहे म्हणाले. पण पुढच्या ओळीत आचार्यांनी पहाटे चारला येऊन पंधरा किलो कांदा चिरायला बसावं, असं होतं. त्याखाली आचार्यांना तेलाचे डबे मोजून द्यावेत आणि उरलेले संध्याकाळी मोजून परत घ्यावेत, असं बहिणीच्या सांगण्यावरून लिहिलेलं. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मुहूर्ताबद्दल बोलायचे ते एकदम मानधनाबद्दल बोलू लागले. खरा आचारी तेवढ्या वेळात मांडवाच्या दारात उभा, यादीत आपलं नाव शोधतोय.

दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, यही तो सही है. पहले गलत था." त्याचं काय चुकलं? हिंदीला हा र लागतच नाही.

पण ज्याने ही आवृत्ती बाजारात सोडली, त्याला तरी माहीत असावं की नाही? १९९१च्या भारतीय मानकात या र ची सोय आहे, युनिकोडनेही ती ठेवली आहे. म्हणजे नवं काही शोधायचं नव्हतं, होतं ते मोडायचं नव्हतं. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख निघाले. त्यातल्या एकाला बसवून 'दुसऱ्या' एवढा शब्द टाइप करून घेतला असता तरी भागलं असतं. कुणीतरी 'नमस्ते' लिहिलं असणार, ते नीट दिसलं असणार, 'देवनागरी तपासली' म्हणून खूण केली असणार. तारीख आधी ठरते, जाहिरात आधी निघते. तपासायला आपण आहोतच, तेही पैसे भरून! आणि आपण मागतो तरी काय? काल चालत होतं ते आज चालावं. तलाव कुणी मागितला होता?

आमचं रायपूर एकेकाळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, २००० साली छत्तीसगडात आलो. एवढी सरकारं बदलली, पण वऱ्हाडातल्या ऱ ला कुणी हात लावला नव्हता.

शेवटी रीतसर तक्रार केली. मदतनिसाने आधी भाषा बदलून पाहण्याचा सल्ला दिला. मग सविस्तर उत्तर आलं, चक्क मराठीत: 'आमच्या कर्मचार्यांनी तपासले असता कोणतीही त्रुटी आढळली नाही.'