बांधावरचं पावित्र्य

घरोघरच्या प्रार्थनासभेत शेवटी पाळकसाहेब विचारतात, "कुणाची काही विनंती?" मग ज्या विनंत्या येतात, त्यांवरून आमच्या नातेपुत्याचा सगळा आर्थिक-सामाजिक आढावा घेता येतो. बोअरला पाणी लागू दे. डाळिंबावरचा तेल्या हटू दे. थोरला पुण्याला कंपनीत पर्मनंट होऊ दे. धाकटीला स्थळ येऊ दे, जमल्यास बागायती. गुडघा. पुन्हा गुडघा, हा दुसऱ्या बाईंचा. पण "देवा, मला पवित्र कर" अशी विनंती कुणी मांडल्याचं काही माझ्या कानावर आलेलं नाही. मांडलीच असती, तर मिटलेले सगळे डोळे उघडले असते आणि चहाच्या वेळी घरच्यांना बाजूला घेऊन कुणीतरी विचारलं असतं, "काय झालंय हो? डॉक्टरला दाखवलं का?"

शास्त्राची तऱ्हा उलटी. आनंद करा, असं पौल लिहितो खरा. पण ते पत्र त्यानं तुरुंगातून लिहिलंय, तेव्हा त्याच्या आनंदात बोअरचं पाणी नसावं. पवित्र व्हा, हे मात्र जुन्या करारातही आहे नि नव्यातही. आपण ते वाचतो, आमेन म्हणतो आणि गुडघ्याकडे वळतो.

आमचाही अगदीच दोष नाही. पवित्र माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर जो येतो, त्याच्याबरोबर पोळ्याचं जेवण जेवायची कुणाला हौस वाटेल? पांढरे कपडे, हळू आवाज, हसायचं तेही बेतानं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचे वडील भेटतात. सोवळ्याचं त्यांना असं वेड, की बाजारातून आलेलं धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. त्या घरात पाण्याला तोटा नव्हता, पोरांच्या सुखाला मात्र होता. पुढे याच बाईंनी बाप्तिस्मा घेण्याच्याही आधी जातपात मनातून काढून टाकली. पावित्र्याच्या एका प्रकाराला त्या अशा विटल्या होत्या, की दुसरा प्रकार ओळखायला त्यांना वेळ लागला नसावा.

तो दुसरा प्रकार बायबलात कुठं नीट सांगितला असेल, तर लेवीयाच्या पुस्तकात. वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प सोडणारे बहुतेक जण फेब्रुवारीत याच पुस्तकात गारद होतात. पण जरा नेट धरून एकोणिसाव्या अध्यायापर्यंत यावं. सुरुवातीलाच पवित्र होण्याची आज्ञा आहे. आता उपास, धूप, जागरणं येणार म्हणून आपण सावरून बसावं, तर पुढं येतं काय? शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, सरवा गोरगरिबांना राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. गावात चहाड्या करत हिंडू नका. पिकल्या केसांपुढं उठून उभे राहा. तराजू आणि मापं खरी ठेवा. आईबापांचा मान, शब्बाथ, मूर्ती हेही आहेच, पण बाकीचं वाचताना बाजारसमितीची नियमावली हातात आल्यासारखं वाटतं.

हे कुणी आमच्या माळशिरस तालुक्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय की काय, अशी मला शंका येते. शेताची कड सोडा म्हणे! आमच्याकडे कड सोडणं राहू द्या, शेजाऱ्याचा बांध दरसाल वीतभर कोरून आत घेण्याची रीत आहे. नांगर जरासा तिरका धरायचा, एवढंच. भाऊ-भाऊ कोर्टात जातात, मोजणी येते, खुणा रोवल्या जातात आणि पुढच्या पेरणीला खूण आपोआप दोन पावलं चालते. उसाच्या काट्यावर वजन मारल्याची तक्रार करणारा माणूस संध्याकाळी खुरपायला आलेल्या बायांना "पैसे बाजारादिवशी बघू" म्हणतो. रविवारी हाच पहिल्या बाकावर असतो आणि गाणं भसाड्या आवाजात पण मनापासून म्हणतो. त्याला देवळात पवित्र व्हायला काहीच अडचण नाही. अडचण बांधावर आहे.

याच डाळिंबाच्या पट्ट्यात बसून निर्गम वाचताना आणखी एक गंमत दिसते. महायाजकाच्या झग्याच्या घेराला आळीपाळीनं सोन्याची घुंगरं आणि रंगीत सुताची डाळिंबं लावायची असत. कपाळावर तो परमेश्वराला वाहिलेला, पवित्र असल्याची सोन्याची पट्टी, आणि पायाशी डाळिंबं! सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आत्ताआत्ता मिळालं; शास्त्रात त्याची नोंद कधीच होऊन गेली होती. त्यावर तेल्या होता की नाही, ते दिलेलं नाही.

पवित्र माणसाच्या घरच्यांना सुख लागतं का, हा प्रश्न मात्र उरतोच. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. पुढे संसार पुन्हा जुळला, पण हाती आलेला पैसा टिकू देणं टिळकांच्या स्वभावात नव्हतं. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि संन्यास घेतला. टिळक संत होते की नाही, हे मी ठरवणार नाही. पण त्या घरातलं पावित्र्य मोजायचं तर मी आधी लक्ष्मीबाईंना काट्यावर बसवीन. नवऱ्याचं सगळं विक्षिप्तपण त्यांनी लिहून ठेवलं आणि एवढं सोसूनही त्या लिखाणात कडवटपणा येऊ दिला नाही.

टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो असं मानणारे. आम्हा नातेपुतेकरांना ते पटायला जड नाही, कारण आषाढात वारीची वाट आमच्या दारावरूनच जाते. बरडहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्याची हद्द ओलांडून आमच्याकडे मुक्कामाला येते. पायांना फोड, अंगावर ओले कपडे, भाकरी मिळेल तेव्हा. यात सुख किती, असा हिशेब कुणी मांडत नाही. विचारलंच तर "माउली, जरा पाणी द्या" एवढं उत्तर मिळतं.

आमची आत्या सरवा सोडते. शाळू काढताना कडेच्या दोन काकऱ्या ती तशाच उभ्या ठेवते. लेवीय वाचून नव्हे, वाचायला ती शिकलीच नाही. तिची सासू सोडायची म्हणून. वेचायला बाया आल्या की ही बांधावर उभी राहून त्यांच्यावर ओरडते, "नेताय तर धड न्या, तुडवू नका!" एकदा मी विचारलं, "आत्या, असं दिल्यावर बरं वाटत असेल ना?"

"बरं कसलं वाटतंय? दोन पायल्या गेल्या की!"

पुढच्या साली पुन्हा कडेला शाळू उभा होता. काकऱ्या दोनच आहेत ना, हे मी मोजून पाहिलं. आत्यावर विश्वास आहे, पण शेवटी मीही याच तालुक्यातला.