गव्हाच्या पिठास, मुक्काम हिंगाची डबी

राजमान्य राजेश्री गव्हाचे पीठ, हल्ली वास्तव्य हिंगाची डबी, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्यासारख्या प्रतिष्ठित, सर्वसंचारी आणि पंक्तीच्या मानकऱ्यास जाहीर पत्र लिहिण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थावर सहसा येत नाही. परंतु आमच्या घरातून आपणांस रीतसर हद्दपार केल्यावर, म्हणजे पोळपाट-लाटणे नवे आणून, कणकेचा डबा शेजारी देऊन, आणि जिच्या जात्यात ज्वारीच्या आधी कोणाचे दळण झाले याचा भरवसा नाही त्या गिरणीशी असलेली जुनी वहिवाट मोडून घरघंटी विकत घेतल्यावरही, आपण आमच्या आमटीत दोन्ही वेळा हजर असता, हे उघडकीस आल्यामुळे लेखणी उचलणे भाग पडले.

आमची कैफियत अशी. माझी सौभाग्यवती आणि धाकटी कन्या या दोघींना सीलिएक नावाचा विकार आहे. आप्तमंडळी त्यास 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात आणि 'एक घास खाल्ल्याने काय होते' असे विचारून तूप लावलेली पोळी पुढे करतात. त्यांचा आग्रह निर्मळ असतो, म्हणूनच तो अधिक भयंकर. वास्तविक प्रकार असा की, आपल्या अंगच्या ग्लुटेन नामक चिवट प्रथिनाचा स्पर्श होताच शरीराचे रक्षक दल शत्रू सोडून स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते, तेथील अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात, आणि भरल्या ताटावर जेवणारे मूल लोहाच्या अभावी पांढरे पडून वाढीत मागे राहते. यावर औषध नाही. आपला आजन्म वियोग एवढाच उपचार. त्याचा छडा हॉलंडातील डिके नामक बालवैद्याने लावून 1950 साली आपल्या प्रबंधात मांडला. 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात त्या देशात पाव दुर्मिळ झाला, इतर बालके खंगू लागली, आणि या विकाराची बालके मात्र सावरली, ही हकीकत आपल्या चरित्रकारांनी आपणांस कळविली नसेल, म्हणून येथे नमूद करतो.

तर, आपली पाठवणी होऊनही कन्येच्या रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा उतरेना. डॉक्टरांनी घरातील प्रत्येक पाकीट तपासण्यास सांगितले, तेव्हा आमच्या मातोश्री, ज्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या असल्या तरी वृत्तीने अद्याप कामावरच आहेत, भिंग घेऊन फडताळाची जमाबंदी करण्यास बसल्या. मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांत आपण असता, हे कोणतीही सुगरण सांगेल. ते पदार्थ अगोदरच बाद झाले होते. सोया सॉस नामक काळ्या द्रवातही आपण सापडलात, पण त्याचा आमच्या घरी फारसा राबता नव्हता. हिंगाच्या डबीशी मात्र मातोश्री थबकल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता हिंग म्हणजे कोण? तो इराण-अफगाणिस्तानातील एका वनस्पतीच्या मुळाचा चीक. आपल्या देशात त्याची लागवड अशी नव्हतीच. पालमपूरच्या सरकारी प्रयोगशाळेने 2020 साली लाहौलच्या खोऱ्यात पहिली रोपे लावली, इतकी ही गोष्ट ताजी. हा चीक इतका उग्र की नुसता वापरणे कठीण. म्हणून त्यात डिंक आणि धान्याचे पीठ कालवून 'बांधणी हिंग' करतात आणि कायदाही त्यास राजरोस परवानगी देतो. अल्कोहोलात विरघळणारा अंश शेकडा पाच भरला की तो माल शास्त्रोक्त हिंग ठरतो! 1948 च्या कूळकायद्याने कुळांस जमीन मिळाली हे आम्ही ऐकून होतो, परंतु मालकाचे नाव दारावर कायम ठेवून कुळाने माजघरासह सारा वाडा व्यापल्याचे उदाहरण आपल्याखेरीज दुसरे आढळात नाही.

चिमूटभर हिंगातील माझा वाटा तो केवढा, असे आपण म्हणाल. महाराज, ज्या मालास ग्लुटेनमुक्त म्हणवून घ्यायचे त्याच्या एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा सरकारी दंडक आहे. त्या मापाने पाहता चिमूट ही चिमूट राहत नाही. आणि आमच्या घरी वरण, आमटी, उसळ, कढी, ताक, लोणचे यांपैकी एकही पदार्थ तिच्यावाचून पुरा होत नव्हता.

आपल्यावर अन्याय करण्याचा हेतू नाही. आपण खोटे बोलला नाहीत; आपल्या वतीने कोणी मोठ्याने बोलले नाही, इतकेच. 2020 च्या नियमांनी ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख वेष्टनावर स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरविले, त्याबद्दल सरकारचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तो उल्लेख शोधण्यास दिवा, भिंग आणि मुख्याध्यापिका ही त्रयी लागावी, इतका बारीक ठसा कोणी नेमून दिला हे कळत नाही. दुसरीकडे, सावधगिरीचा कळस म्हणून काही कारखानदार सरसकट प्रत्येक पाकिटावर 'गव्हाचा अंश असू शकतो' असे छापून मोकळे होतात. या वाक्याने रक्षण कोणाचे होते? खरोखर धोका असलेला शेवचिवडा आणि ज्यास आपला वाराही लागला नाही असे पोहे, दोन्हींवर तोच मजकूर असल्यामुळे वाचणारा एक तर उपाशी राहतो किंवा वाचणेच सोडतो, आणि कारखानदाराचे दप्तर तेवढे निर्दोष राहते.

एक गोष्ट मात्र आपल्या कानी घालावीशी वाटते. आमच्या घरी हल्ली सर्वांत निर्धास्त जेवण एकादशीस होते. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांच्या पंगतीत आपणांस मज्जाव, आणि उपवासाच्या फोडणीत जिरे चालते पण हिंग चालत नाही, म्हणून आपला तो आडमार्गही बंद. ज्या कोणी हा शिरस्ता घातला त्यास आतड्यातील अंकुरांची वार्ता नव्हती हे उघड आहे. तरीही कन्येने दर सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी उपवास धरण्याची इच्छा व्यक्त केली आहे, आणि तिच्या भक्तीचे शेजारी फार कौतुक होत आहे.

तात्पर्य, आमच्या डबीतील आपली नेमणूक रद्द करून त्या जागी तांदळाचे पीठ रुजू करून घेतले आहे. तेही हिंगाच्याच नावावर विकले जाते आणि हिंगाच्याच भावाने, ही तक्रार निराळी. कन्येचा आकडा पुढील तपासणीत उतरला. आपले येणे-जाणे इतरत्र सुखेनैव चालो. लग्नकार्यात पुरणपोळीच्या रूपाने भेट झाल्यास मी स्वतः यथास्थित परामर्श घेईन, कारण माझे आतडे अद्याप आपल्याशी सलोखा राखून आहे.

कळावे, लोभ असावा, पण दुरून.

आपला,
एक कुटुंबप्रमुख

प्रत माहितीस्तव रवाना: आपले चुलतबंधू श्री. जव, मुक्काम माल्ट, द्वारा मक्याच्या पोह्यांचे खोके. त्यांनी आपला खुलासा नाश्त्यापूर्वी पाठवावा.