दंडातला उंदीर

भरलेला सिलिंडर एका हाताने उचलायचा पराक्रम केला आणि दंडात कळ आली. डॉक्टर म्हणाले, "मसल खेचला गेलाय. मलम लावा, हाताला विश्रांती द्या." मी मलम ठेवलं बाजूला आणि दोन किलोंचा शब्दकोश काढला. त्याच हाताने.

शेजारचे आप्पा चौकशीला आले होते. निवृत्त संस्कृत शिक्षक. "त्यात बघायचं काय? मांसल, मसल! आपलाच शब्द पळवलाय त्यांनी." इतकं सरळ की मलाही पटलं. पण कोश वेगळंच सांगत होता. मसल आला लॅटिन 'मुस्कुलुस'वरून. 'मुस' म्हणजे उंदीर आणि मुस्कुलुस म्हणजे पिटुकला उंदीर. हात वाकवला की कातडीखाली काहीतरी सरकतं, ते रोमन लोकांना उंदरासारखं दिसलं. ग्रीकांनी तर उंदीर आणि स्नायू एकाच शब्दात भागवले; 'मायोकार्डियम'मधला 'मायो' तोच. म्हणजे परवा माझा ईसीजी काढला, तो मुळात एका उंदराचा.

आप्पांचा चेहरा पडला. मग मीच म्हटलं, "मुस, माउस आणि आपला मूषक एकाच घरातले. संस्कृत, ग्रीक, लॅटिनची ही भावकी विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात सांगितली होती." आप्पा खुलले. बाप्पाचं वाहन दंडात असणं त्यांना शोभून दिसलं.

गोव्याकडच्या शिणाण्या नावाच्या शिंपल्यांचं इंग्रजी नावही याच उंदरावरून आलंय, पण हा विषय मासळीबाजारात काढायचा नाही असं मी ठरवलंय. बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा, ट्रायसेप्स तीन डोक्यांचा. एका दंडात पाच डोकी, आणि सिलिंडरला हात घालताना एकानेही विचार केला नाही.

"उंदीर कसला?" ही आतून म्हणाली. "आपल्याकडे दंडात बेटकुळी असते. बेटकुळी म्हणजे बेडकी."

हे मात्र कोशाबाहेरचं होतं. रोमला उंदीर दिसला, महाराष्ट्राला बेडूक! खरं कोण, याचा निकाल लावायला मी बाही वर केली, दात आवळले आणि दुखरा हात वाकवला. आप्पा चष्मा लावून पुढे सरकले. काहीच हललं नाही.

"बेडूक असेल तर पावसाळ्यात निघेल," ही म्हणाली. "उंदीर असेल तर पिंजरा माळ्यावर आहे. डाव्या हाताने काढा."