टक्का मागणाऱ्याला अंगठा देऊ नका

अपघात झाला की सिव्हिल हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात नातेवाइकांच्या मागोमाग दलाल येतो. पाण्याची बाटली आणून देतो, पोलिसांत ओळख असल्याचं सांगतो आणि संध्याकाळच्या आत वकीलपत्रावर अंगठा घेऊन जातो. घरातल्या कुणी विचारलंच, "पैसे किती लागतील?" तर उत्तर तयार असतं. "आत्ता काही नको. क्लेम मिळाला की त्यातले तीस टक्के." घरचा कर्ता अतिदक्षता विभागात असताना हे ऐकणाऱ्याला देव भेटल्यासारखं वाटतं.

हा सौदा नियमबाह्य आहे. वकिलाने आपली फी निकालावर अवलंबून ठेवू नये आणि अशिलाला मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवू नये, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट सांगतात. दलाल फिरवून अशील गोळा करायलाही त्याच नियमांत मनाई आहे. म्हणजे तुमची फाईल उघडण्याआधीच या दलालामागच्या वकिलाने दोन नियम मोडलेले असतात. अशा माणसाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, आणि ती करायला हवी.

तीस टक्के म्हणजे किती, ते मांडून पाहू. समजा, अठ्ठावीस वर्षांचा मजूर, महिना नऊ हजार कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर किंवा ठरावीक मजुरीवर कमावणाऱ्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. चार माणसं अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा आणि उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार १७ ने गुणायचं. उत्तर येतं १९ लाख २७ हजार ८००. त्याचे तीस टक्के पावणेसहा लाखांच्या वर जातात. तेवढ्यात दोन्ही पोरांचं शिक्षण झालं असतं.

याच हिशेबात वकिलाचीही परीक्षा होते. भविष्यातल्या वाढीचे ते ४० टक्के मागायला जो विसरतो, त्याच्या अशिलाचे साडेपाच लाख रुपये तिथेच बुडतात. म्हणून वकिलाच्या ऑफिसात गेलात की त्याला एवढंच सांगा, "साहेब, आमच्या केसचा हिशेब कागदावर मांडून दाखवा." मांडता येत असेल तर बसा. "मोठी रक्कम मिळवून देतो, काळजी करू नका," एवढंच म्हणत असेल तर उठा.

जखमी माणूस वाचला आणि अधू झाला, तर परीक्षा आणखी कठीण. डॉक्टरांचा दाखला म्हणतो, एका पायाला ४० टक्के अपंगत्व. ऊसतोडीला जाणाऱ्याचा पाय गेला तर त्याची कमाई ४० टक्क्यांनी घटते का? ती जवळपास संपते. अवयवाचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगून ठेवलं आहे. पण ते तुमच्या बाबतीत सिद्ध करायला डॉक्टरांची साक्ष लागते, मुकादमाची लागते, कामाचे पुरावे लागतात. नुसता दाखला जोडून मोकळा होणारा वकील तुमच्या कामाचा नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यात अवघड केस पिकअपची. १८ ऑक्टोबर २०२५ ला अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात दरीत कोसळली. त्याआधी २१ ऑक्टोबर २०२० ला कोंडाईबारी घाटात सुरतकडे निघालेली खासगी बस कोसळली होती. दोन्हीकडे माणसंच गेली, पण कायद्याच्या दारात बसचा प्रवासी आणि पिकअपचा प्रवासी सारखे नाहीत. बसच्या विम्यात प्रवासी धरलेला असतो. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाबद्दल विमा कंपनी सरळ हात वर करते, आणि आशा राणी (२००२) या निकालाचा तिला आधार आहे. मात्र कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असेही आदेश न्यायालयांनी वेळोवेळी दिले आहेत. बलजीत कौर (२००४) हा त्यातला ठळक निकाल. माणूस स्वतःच्या मालासोबत बसला असेल तर गोष्ट आणखी बदलते. तेव्हा पिकअपची केस असेल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच करा, "कंपनीने हात झटकले तर तुम्ही काय करणार?" गोंधळून पाहणारा वकील कितीही ओळखीचा असो, तो नको. घाटातल्या लोकांना दुसरी गाडीच मिळत नाही म्हणून ते पिकअपमध्ये चढतात. निदान न्यायालयात तरी त्यांची बाजू नीट मांडली गेली पाहिजे.

धानोरा आणि आसपासच्या गावांतून माणसं कामाला गुजरातेत जातात. तिकडे ट्रकने उडवलं की तिकडचाच कुणी सांगतो, केस इथेच लढावी लागेल, तारखेला यावं लागेल. साफ खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा अपघाताच्या ठिकाणी करता येतो, तसाच दावा करणारा जिथे राहतो तिथेही करता येतो. अपघात सुरतेत होवो नाहीतर बारडोलीत, विधवेने मूल काखेत घेऊन एसटीने परराज्यात तारखा करायची गरज नाही. नंदुरबारला दावा लावा.

कागद मिळवून देतो म्हणून पैसे मागणाराही असतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. ते काम पोलिसांचं आहे, दलालाचं नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनच दावा सहा महिन्यांत करण्याची मुदतही लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण त्या भरवशावर घरी बसून राहू नका.

लोकअदालतीचंही सांगून टाकतो. तडजोड वाईट नसते, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. नीट काम करणारा वकील सहीआधी दोन आकडे समोर ठेवतो: आज हातात किती आणि लढलो तर अंदाजे किती. निर्णय तुमच्यावर सोडतो. आपली फी पहिल्याच दिवशी लिहून देतो, पावती देतो आणि रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा करायला सांगतो. तुमच्या पासबुकाला आणि कोऱ्या चेकला तो हात लावत नाही.

आणि ही फीसुद्धा आपल्याकडच्या बहुतेकांना लागायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमाती आणि अनुसूचित जातींची माणसं, स्त्रिया, मुलं आणि अपंग यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य लोक आदिवासी आहेत, तिथे हा हक्क घराघरात ठाऊक असायला हवा होता. तो ठाऊक नाही, यात शासनाचा आणि आम्हा लिहिणाऱ्यांचाही दोष आहे. हा वकील फुकट मिळाला म्हणून त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. त्यालाही हिशेब मांडायला सांगा.

धानोऱ्याच्या आणि शेजारच्या गावांच्या सरपंचांना एक विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या: अपघाताचा दावा नंदुरबारला करता येतो, सहा महिन्यांत करा, वकिलाला टक्का देऊ नका, मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा.